जाळ आणि धूर संगटच : परड्यातल्या ग्रिलची नोंदवही

गॅसचं ग्रिल ठेवायचं की कोळशाचं, ते मार्चअखेर ठरवतो असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. आता जून लागला. परड्यात दोन ग्रिलं उभी आहेत आणि आईला कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही. तिनं स्पष्ट सांगितलंय, पावसाआधी यातलं एक जायला पाहिजे.

फेब्रुवारी

मेहुण्याकडचं दोन बर्नरचं गॅस ग्रिल वर्षभर गॅलरीत झाकून पडलं होतं. "दाजी, तुम्हीच न्या, मला काय वेळ मिळत नाही," म्हणाला. आणलं, जोडलं, पेटवलं, तर ज्योत पिवळी आणि बटाट्यावर काजळी. रबरी नळी बदलली, तरी तेच. शेवटी बर्नरची नळी सोडवून उजेडात धरली तर आत कोळ्यानं घर केलेलं. तिथूनच गॅसमध्ये हवा मिसळते. ती वाट बंद झाली की ज्योत पिवळी पडणारच. बाटली धुवायच्या ब्रशनं साफ केलं, ज्योत निळी झाली. कुणी जुनं ग्रिल आणलं तर आधी हे बघा, दुकानात पळू नका.

रेग्युलेटर घरचाच ठेवला. एकानं हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर लावायला सुचवलं होतं, "जाळ बघ कसा येतोय!" जाळ येईल, पण या बर्नरचं जेट, म्हणजे गॅस सुटायचं बारीक भोक, कमी दाबासाठी केलेलं आहे. नको तो उद्योग. दुसरं म्हणजे आमचं परडं घरापेक्षा तीन पायऱ्या खाली आहे आणि कडेला मोरीचा खड्डा. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तिथंच साचून राहणार. म्हणून सिलिंडर वरच्या पायरीवर ठेवतो आणि प्रत्येक वेळी जोडावर साबणाचं पाणी लावून बघतो.

पहिल्या मोठ्या बेताला ऐन मध्यात गॅस संपला. अर्धी कोंबडी कच्ची, पाहुणे हात धुऊन बसलेले. तेव्हापासून ताणकाटा आणलाय. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर लिहिलेलंच असतं, भरलेला गॅस १४.२ किलो. लटकवून वजन घ्या, लिहिलेलं वजा करा, शिल्लक कळते. दोन्ही बर्नर मोठे ठेवून तासाभराला माझा साधारण अर्धा किलो जातो.

गॅसला नाव ठेवायला जागा नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. ऑफिसातून सातला आलो तरी साडेसातला पनीर, ढोबळी मिरची, कणसं ताटात. वांगं भरताला अख्खं भाजून निघतं, साल अलगद सुटते.

मार्च

पण डोक्यात कोळसाच होता. आमच्याकडं शेगडी काही नवी नाही. आजीच्या शेगडीवर कणसं भाजत लहानपण गेलं. फक्त तिला झाकण नव्हतं, आणि सगळी मेख झाकणातच आहे. १९५२ साली अमेरिकेत शिकागोकडं जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसानं पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाचा लोखंडी गोल अर्धा कापून खाली शेगडी आणि वर झाकण केलं. वाऱ्यापावसानं त्याचंही जेवण बिघडत होतं. त्याला गोल मिळाला, मला ड्रम.

२०० लिटरचा ड्रम तेलाच्या घाण्यावरून आणला. रसायनाचा स्वस्तात मिळत होता, तो बघितलासुद्धा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंगवाल्याकडं उभा कापून घेतला, बिजागरी, पाय, खाली दोन झडपा आणि वर एक. वाऱ्याला आडोसा म्हणून मी जी.आय.चा पत्रा सांगितला, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बास. "साहेब, त्याच्यावर जस्त असतंय. आम्ही त्याला वेल्डिंग मारलं की रात्री थंडी वाजून ताप येतोय, आणि तुम्ही त्याच्याखाली मटण भाजणार?" बिनजस्ताचा काळा पत्राच लावला. नंतर रिकाम्या ड्रममध्ये दोन तास लाकडाचा मोठा जाळ केला, आतबाहेरचा सगळा रंग जाळून टाकला, मग तेलाचा हात. शेजारच्या काकूंनी त्या दिवशी वाळत घातलेल्या चादरी परत धुतल्या. त्यांना पुढच्या रविवारी मटणाचे चाप नेऊन दिले, विषय मिटला.

जाळीची गोष्ट मात्र खास कोल्हापूरची. शिरोलीच्या फौंड्रीत असलेल्या मित्रानं टाकाऊ पॅटर्नवरून (साच्याच्या नमुन्यावरून) बिडाची जाळी ओतून दिली. उचलताना कंबर धरते. पण एकदा तापली की थंड मटण पडलं तरी ती गार होत नाही. ओली ठेवली की गंज, म्हणून काम झालं की गरम असतानाच घासायची आणि तेल पुसायचं, तव्यासारखं. तोच मित्र हार्ड कोक देतो म्हणाला, "पोतंभर ने, फुकट." नाही आणला. कोक भट्टीसाठी, त्याला भात्याची हवा लागते आणि त्यात गंधक असतं. दगडी कोळसाही तसाच. खायच्या कामाला लाकडाचा लोणारी कोळसाच.

त्यातही पारख आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजले पाहिजेत. भद्द आवाज आला, आत तपकिरी दिसलं, तर तो कच्चा जळालाय. डोळ्यांतून पाणी काढतो आणि मांसाला कडवट वास लावतो. बाभळीचा कोळसा टिकतो. करवंटीचा कोळसा जास्त कडक तापतो, पण तुकडे बारीक, जाळीतून खाली पडतात. मी आता बाभूळ खाली, करवंटी वर, असं लावतो. पेटवायला पाच लिटरच्या तेलाच्या डब्याची चिमणी केली: तळाला भोकं, आत कोळसा, खाली कापराच्या चार वड्या आणि रद्दी. वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर पांढरी राख धरते. रॉकेल घालणाऱ्यांनी कृपया आपलं ताट आपल्यापुरतं ठेवावं.

एप्रिल, खरी परीक्षा

एकच कोंबडी, एकच मसाला, अर्धे तुकडे गॅसवर आणि अर्धे ड्रमवर. घरातल्या सहा जणांचे डोळे बांधले. कोळशाचा कुठला? तिघांनी बरोबर सांगितलं, तिघांनी चूक. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. मी दोन दिवस गप्पच होतो, ड्रमचा खर्च डोळ्यांसमोर येत होता.

पुढच्या रविवारी मटणाचे बरगडीचे चाप केले, प्रत्येक सळईवर मधे मधे मांदं, म्हणजे चरबी, लावलं. सहापैकी पाच जणांनी पहिल्या घासाला ओळखलं. सहावे म्हणजे बाबा. त्यांचं म्हणणं एवढंच, की दोन्हीत मीठ कमी आहे.

मग डोक्यात प्रकाश पडला. निखाऱ्यावर नीट राख धरली की कोळसा जवळजवळ धूरच सोडत नाही. वास येतो तो मांद्याचा. ते वितळून निखाऱ्यावर पडतं, जळतं आणि त्याचा धूर परत मांसाला लागतो. आपण कोंबडी आणतो सोलून. कातडं नाही, चरबी नाही, टपकायला आहे काय? म्हणून गॅस आणि कोळसा सारखेच लागले. परदेशी मंडळी कातड्यासकट भाजतात, त्यांचं गॅस की कोळसा हे भांडण आपण जसंच्या तसं इथं आणून भांडतोय. गॅस ग्रिलमध्येही बर्नरवरच्या पत्र्यावर मांदं पडतं आणि जळतं, पण पत्रा निखाऱ्याएवढा तापत नाही, धूर बेताचा.

मसाल्याचा धडा वेगळाच. पहिल्या वेळी कांदा-लसूण चटणी भरपूर चोळून रात्रभर ठेवलं. जाळावर दहा मिनिटांत सगळं काळं, कडू. चटणीत आधीच भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा असतो, तो परत थेट जाळावर किती सोसणार? आता आलं-लसूण-कोथिंबीर, दही, मीठ आणि चमचाभर कच्च्या पपईचा कीस, तेही दोनच तास. जास्त ठेवलं की मटण भुसभुशीत होतं. निखारे ड्रमच्या एकाच बाजूला ओढायचे. आधी गार बाजूला झाकण लावून शिजू द्यायचं, मग निखाऱ्यावर रंग आणायचा, आणि शेवटच्या दोन मिनिटांत चटणी तेलात कालवून कांद्याच्या पातीच्या जुडीनं फासायची. नाद खुळा!

जून

गॅस ग्रिल परत करायला गेलो, तर मेहुणा ड्रमची मापं लिहून घेऊन बसला. मी मात्र गॅस पुरता सोडायचा विचार जाताजाता बदलला. आठवड्यातल्या संध्याकाळी भाज्या आणि पनीर, त्याला दोन किलो कोळसा पेटवणं परवडत नाही. शेवटी ठरलं ते असं, की गॅस ग्रिल त्याच्याकडं राहील, भाज्यांचा बेत त्याच्या गच्चीवर, मटणाचा आमच्या परड्यात. बायको म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडं भांडी आम्हीच घासायची." यावर अजून उत्तर सापडलेलं नाही.

आखाड तोंडावर आहे, मागं लगेच श्रावण. पावसात ड्रम पडवीत घ्यावा का, असं दोघांनी विचारलं होतं. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी असेल तर बघा. बंद जागेत, दार उघडं ठेवूनसुद्धा, कोळसा पेटवू नका. त्यातल्या विषारी वायूला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. आमची पडवी बंदिस्त आहे, म्हणून मी परड्यातच शेवग्याच्या बाजूला चार बांबूंवर पत्रा उंच टाकून घेतोय, ड्रमच्या झाकणापासून चांगला पाच फूट वर.

कोळशाचं पोतं माळ्यावर चढवलंय, तरी गेल्या आठवड्याच्या हवेनं तुकडे दमट झाले आणि पेटवताना तडतडून ठिणग्या उडाल्या. सध्या पत्र्याच्या पिठाच्या डब्यात भरून घट्ट झाकण लावून बघतोय. राधानगरी-गगनबावड्याकडची मंडळी पावसाळ्यात कोळसा कसा ठेवतात, ते कुणी सांगितलं तर बरं होईल.