पंचायतीपर्यंत पोचलेली तार

गेल्या श्रावणात गावी असताना मी काकूंबरोबर रेशनच्या दुकानात गेलो. आमचे गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागते. दुकानदाराने अंगठ्याचा ठसा घेण्याचे यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले, छत्री उघडली आणि तो गावामागच्या माळाकडे चालू लागला, कारण महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाजूची रेंज तेवढ्या उंचीवरच मिळते. त्याच्यामागून पंधरा-वीस माणसे निसरड्या पायवाटेने वर चढली. काकूंचे गुडघे दुखतात. "अंगठा तेवढा काढून देतो बाळा, तूच घेऊन जा वर," असे म्हणत त्या शेवटी माझ्या दंडाला धरून चढल्याच. भातलावणीने झिजलेला तो अंगठा यंत्राने चौथ्या खेपेस ओळखला, पावती निघाली आणि तांदूळ घेण्यासाठी आम्ही पुन्हा खाली उतरलो.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आमचे गाव ज्या ग्रामपंचायतीत मोडते तिथे इंटरनेटसाठीची ऑप्टिकल फायबरची तार येऊन काही वर्षे झाली आहेत. पंचायतीच्या कार्यालयात कपाटावर त्या तारेची एक पांढरी पेटी आहे, तिच्यावर धूळ आहे आणि तिचे दिवे क्वचितच लागलेले दिसतात.

केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली, तेव्हा देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडण्याचा इरादा होता. योजनेचे नाव पुढे भारतनेट झाले आणि पहिल्या टप्प्यातील एक लाख पंचायतींचा आकडा गाठायला 2017 चा डिसेंबर उजाडला. आज हा आकडा दोन लाखांच्या पुढे आहे. पैसा बाहेरून आलेला नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीत जमा होते, आता तोच निधी डिजिटल भारत निधी म्हणून ओळखला जातो. काकू महिन्याला जो रिचार्ज मारतात त्यातलेही काही पैसे असेच या तारेत गेलेले आहेत.

माझा आक्षेप आकड्यावर नाही, आकडा ज्याची मोजदाद करतो त्यावर आहे. सरकारी कागदांत पंचायत 'सेवेस सज्ज' झाली की ती जोडलेली धरली जाते. सज्ज म्हणजे चालू नव्हे. मुंडावळ्या बांधून बसलेल्या नवऱ्याचे लग्न लागले असे कोणी म्हणत नाही. पंचायतीपासून आमच्यासारख्या वाड्यांपर्यंतचे दोन-अडीच किलोमीटर तर या हिशेबात कुठेच नव्हते.

जुन्या रचनेत तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली फायबर एका सरळ ओळीत पंचायतींपर्यंत जात असे. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: वर कुठे फूट पडली की खालचे सगळे कोरडे. आमच्याकडे रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने तार तोडली, पुढे पाण्याच्या पाइपसाठी चर खणताना पुन्हा तोडली, आणि प्रत्येक वेळी ती जोडायची कोणी हे ठरेपर्यंत पावसाळा लागला. पावसाळ्यात आमच्या भागात झाडे पडून करंट दोन-दोन दिवस जातो, पेटीची बॅटरी तोवर तग धरत नाही. याच पंचायतीत पेन्शनचा अर्ज भरायला गेलेल्या माणसाला 'सर्व्हर नाही' एवढेच उत्तर मिळते. त्यातून अर्जाचे पान कन्नड नाहीतर इंग्रजी, म्हणजे लाइन असते त्या दिवशीही वाचून सांगणारा शोधावा लागतो. पण तो वेगळा विषय आहे.

म्हणूनच ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेला सुधारित भारतनेट कार्यक्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्याचा 1.39 लाख कोटी रुपयांचा आकडा डोळ्यांत भरतो, परंतु खरी सुधारणा तीन साध्या गोष्टींत आहे. एक, सरळ ओळीऐवजी तारेचे गोल कडे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश पोचावा. दुसरी, तार टाकणाऱ्यावरच दहा वर्षे देखभालीची जबाबदारी. आणि तिसरी, पंचायतीखालच्या गावांनी मागणी केल्यास त्यांनाही जोडणी. अगोदरच्या दहा वर्षांत काय चुकले याची ही एक प्रकारे कबुलीच आहे.

मात्र कड्याचे गणित सपाटीवर जितके सोपे आहे तितके इथे नाही. निपाणी-चिकोडीकडे एका गावाला चार वाटा असतात, आणि उचगाव-येळ्ळूरसारख्या बेळगावलगतच्या गावांत केबलवालेच घरोघर फायबर देतात. जांबोटीच्या पुढे चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता मात्र एकच आहे. दोन्ही बाजूंच्या तारा त्याच रस्त्याच्या कडेने गेल्या, तर एकच जेसीबी दोन्ही तोडेल आणि कडे नकाशापुरते उरेल. दुसरी वाट काढायची तर ती जंगलातून जाते. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, पास्तोलीसारख्या गावांना जिथे धड रस्ताच नाही, तिथे चर खणण्याची परवानगी कधी मिळणार? खांबांवरून तार न्यावी तर जुलैतला वारा आहेच. अशा ठिकाणी बिनतारी रेडिओ किंवा उपग्रहाची सोय आधी करावी आणि फायबरची वाट पाहत बसू नये, असे माझे मत आहे.

परतण्यापूर्वी मी पंचायतीत जाऊन एक विनंती केली. लाइन कोणत्या तारखेला बंद पडली आणि कोणत्या तारखेला आली एवढेच लिहिण्यासाठी मी एक शंभरपानी वही नेली होती. तिथल्या क्लार्कने ती पेटीशेजारच्या खिळ्याला सुतळीने टांगली. दिवाळीला पुन्हा गेलो तेव्हा वहीत दोन नोंदी होत्या आणि दोन्ही माझ्याच अक्षरातल्या होत्या, तेव्हा त्याखाली त्या दिवसाची तारीख घालून मी तिसरी लिहिली: बंद.