तुम्ही विचारलंत म्हणून: महागडा डॅक घ्यावा का?

आमच्याकडे गाणं ऐकायला येणारा दर तिसरा माणूस चहा संपायच्या आत हा प्रश्न विचारतो. "डॅक कुठला घेऊ? महागडा घेतला तर खरंच फरक ऐकू येतो का हो?" ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: सीडीवर किंवा फाइलमध्ये गाणं नसतं, आकडे असतात. प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा. त्या आकड्यांतून विद्युतदाबाची लाट तयार करून ती ॲम्प्लिफायरकडे पाठवणारा डबा म्हणजे डॅक. हजार रुपयांतही मिळतो आणि कित्येक लाखांतही.

पूर्वी मी या प्रश्नावर तासभर बोलायचो. माझ्याकडचा डॅक सत्तर हजारांचा आहे, आत रेझिस्टरची शिडी (आकड्यांचा विद्युतदाब करायची एक पद्धत) असलेला. (घरात किंमत वीस हजार सांगितली होती.) तो आला त्या संध्याकाळी एका जुन्या ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये मला तंबोऱ्याची जवारी अशी काही सुटी सुटी ऐकू आली, की समोरचा पडदा कुणीतरी बाजूला केला असं वाटलं. "आवाजात हवा आहे" वगैरे वाक्यं मी तेव्हाच बोलायला लागलो.

मुलगी संख्याशास्त्र शिकते. तिने हे महिनाभर ऐकून घेतलं, मग म्हणाली, "बाबा, न बघता ओळखून दाखवा." तिच्या टेबलावर दोन हजारांचा एक छोटा डॅक होता, तो समोर ठेवला. मी पाठ करून बसलो आणि मेहुणा मागे वायरी बदलत राहिला. १० पैकी ९ वेळा मी बरोबर सांगितलं. नुसत्या छापा-काट्याने ९ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण १ टक्का. मी जिलबी आणायला पाठवलं.

जिलबी येईपर्यंत मुलीने मल्टिमीटर काढला होता. एक हजार हर्ट्झचा सलग सूर लावून तिने दोन्ही डब्यांतून बाहेर पडणारा दाब मोजला. माझा २.५ व्होल्ट, तिचा २. म्हणजे जवळजवळ २ डेसिबलचा फरक. गंमत अशी, की एवढासा मोठा आवाज कानाला बऱ्याचदा 'मोठा' म्हणून कळत नाही. तो 'चांगला' वाटतो, भरीव, मोकळा. आवाज लहान केला की खालचे स्वर कानाला आधी कमी पडतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून ठेवलं आहे. त्यामुळे तुलना करायची तर दोन्हीकडची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी लागते. व्होल्टमध्ये सांगायचं तर फरक १ टक्क्याच्या आसपासच चालतो. कानाने हे जुळत नाही, मल्टिमीटरच लागतो.

दुसरी भानगड मेहुण्याची. महागडा डबा लावताना बिचारा जास्त जपून लावायचा, म्हणजे थोडा जास्त वेळ लागायचा. दारावर नंदीबैल येतो, "पाऊस पडेल का?" विचारलं की मान हलवतो, तसंच हे. बैलाला हवामान कळत नाही, मालकाचा हात कळतो. मलाही त्या संध्याकाळी किती ऐकू आलं आणि किती नुसतं कळलं, देव जाणे. म्हणून उत्तर ज्याला ठाऊक आहे त्याचा ऐकणाऱ्याशी संबंधच येऊ द्यायचा नाही.

पुढच्या रविवारी रीतसर केलं. सगळी सामग्री चादरीच्या पडद्यामागे. मुलगी पडद्याआड, नाणं उडवायला आणि खटका फिरवायला. बायको माझ्यासमोर, उत्तरं लिहून घ्यायला; नाणं कसं पडलं ते तिलाही माहीत नाही. एक डॅक 'क', दुसरा 'ख', आणि नाण्याने ठरवलेला 'क्ष'. मी हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा तिन्ही मागून ऐकायचं आणि क्ष हा क आहे की ख ते सांगायचं. जगभर याला एबीएक्स म्हणतात. आपल्याकडे बीजगणितामुळे क्ष आयताच आहे. बदल झटकन व्हायला हवा, कारण आवाजाचे बारकावे काही सेकंदांपलीकडे डोक्यात टिकत नाहीत. खटक्याच्या आवाजावरून ओळखता येऊ नये म्हणून मुलगी दर वेळी तो आधी 'बंद'वर नेऊन मग जागेवर आणायची. १६ फेऱ्या ठरल्या. त्यात १२ बरोबर आले तर मानायचं, कारण नशिबाने १२ किंवा जास्त येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी.

चौथ्या फेरीला मी छातीठोक होतो. जवारी तीच, तशीच सुटी. शपथेवर सांगितलं असतं. आठव्या फेरीनंतर मात्र माझंच मला कळेना. क आणि ख यांतच फरक सापडेना, मग क्षचं काय सांगणार? शेवटी शेवटी मी चक्क अंदाजपंचे बोलत होतो. १६ पैकी ७. आणि चौथ्या फेरीतली ती जवारी दोन हजारांच्या डब्यातली निघाली.

माझे कान पन्नाशीचे आहेत, हे खरं. १२ हजार हर्ट्झच्या वर मला शांतता असते, मुलीला १६ हजारही ऐकू येतं. तिनेही १६ फेऱ्या केल्या. तिचे ९ आले.

आम्ही काही नवीन शोधलं नव्हतं. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी याहून मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या डिस्क वाजवायच्या आणि मध्येच तो आवाज सीडीच्या १६ बिटांतून काढायचा. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर, म्हणजे नाण्याइतकेच.

याचा अर्थ सगळे डॅक सारखे, असा मात्र काढू नका. माझ्या ७ गुणांनी एवढंच कळतं की या दोन डब्यांत, या खोलीत, मला फरक ऐकू आला नाही. फरक असतो तिथे तो ढळढळीत असतो. लॅपटॉपची यूएसबी वायर लावली की स्पीकरमधून येणारी किरकिर मी डोळे बांधूनही ओळखेन. काही डॅकमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आकड्यांच्या मध्ये आणखी आकडे भरणं) आणि लाट गुळगुळीत करणारे फिल्टर मुद्दाम वगळलेले असतात. त्यांत सीडीच्या २० हजार हर्ट्झला तीनएक डेसिबल गळतात. तरुण कानांना ते कदाचित कळेल. पण ही बिघाडाची किंवा आवडीची गोष्ट झाली, किमतीची नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चालू स्थितीतला, किरकिर न करणारा साधा डॅक घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरवर घाला. स्पीकर बदलला की पडदा, नाणं, मल्टिमीटर काही लागत नाही, स्वयंपाकघरातूनही कळतं. तेही नको असेल तर खोलीत जाड सतरंजी टाका. माझ्या हॉलमध्ये फरशी आणि उघड्या भिंती होत्या. सतरंजीने जे झालं ते सत्तर हजारांत झालं नव्हतं.

पुढचा प्रश्नही ठरलेला: "मग विकला का?" नाही. तो अजून तिथेच आहे आणि आज सकाळीही त्यावरच ऐकलं. पुढचा हिरवा दिवा छान दिसतो आणि बटण फिरवताना हाताला बरं वाटतं. मात्र त्या रविवारी उत्तरं लिहून झाल्यावर बायकोने शांतपणे विचारलं होतं, "यातला वीस हजारांचा कुठला?" तेव्हा खरी किंमत सांगावी लागली.

तुमचा डॅक घेऊन या, खटका आणि चादर तयार आहे. फक्त मे महिन्यात येऊ नका. पंखा बंद ठेवावा लागतो.