नेम बरोबर होता, गोळी चुकीची होती

आमच्या रजिस्टरमध्ये त्या रात्रीच्या नोंदीपुढे "नेम चुकला" असं लिहिलंय. मला ते मान्य नाही, आणि कितीही वेळा सांगितलं तरी कोणी खोडत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

पिकं नासणाऱ्या रानडुकरांचा बंदोबस्त करणं हे आमच्या टीमचं काम, रीतसर परवानगीने. बाहेरच्यांना वाटतं रात्रभर धडाधड गोळीबार चालत असेल, पण बहुतेक वेळ वाऱ्याची दिशा बघून गप्प बसण्यात जातो. माझं खरं काम तर जनावर पडल्यावर सुरू होतं. ते उघडायचं (हातमोजे घालूनच, डुकराच्या रक्तातून ब्रुसेला जिवाणूचा आजार माणसाला होतो), गोळी कुठून शिरली, किती खोल गेली, कुठलं हाड फोडलं ते लिहायचं, गोळी सापडली तर धुऊन वजन करून पाकिटात घालायची. ही पाकिटं बघूनच काडतुसांची निवड व्हायला पाहिजे, निदान माझं तरी तसं म्हणणं आहे. प्रत्यक्षात काय होतं तर ज्याला खरेदी करायचीय तो कॅलिबर (गोळीची जाडी) बघतो आणि डबीवरची किंमत बघतो, बस.

त्या रात्री नव्या पोराच्या हातात .२२३ कॅलिबरची रायफल होती. वाईट रायफल नाही, १९६४ पासून चालत आलेलं काडतूस आहे, धक्का कमी, दुसरा शॉट पटकन घेता येतो. पण मॅगझिनमध्ये ५५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं छोटं एकक) व्हार्मिंट गोळ्या होत्या, कोल्ह्या-सशासाठी बनवलेल्या, शिशावर पातळ जॅकेट म्हणजे धातूचं कवच, टोकाला प्लास्टिक. लागल्या लागल्या फुटायच्या, हाच त्यांचा गुण. स्टॉकमध्ये उरल्या होत्या म्हणून दिल्या. मी संध्याकाळीच म्हटलं होतं की ६२ ग्रेनच्या बाँडेड (जॅकेट आणि शिसं घट्ट जोडलेल्या, सहज न तुटणाऱ्या) द्या, तर आमच्या सीनियरचं उत्तर, "डुकराला काय, काहीही लागलं तरी पडतं."

आणि पहिलं पडलंही. पन्नासेक किलोची डुकरीण, कानाच्या बुडाशी गोळी, जागच्या जागी खाली, पाय झाडले आणि संपलं. सगळे खूश. तिथेच घोळ झाला असं मला वाटतं, कारण मेंदूत गेलेली कुठलीही गोळी चांगलीच वाटते. त्या शॉटवरून गोळीबद्दल काहीही कळत नाही, पण टीमने त्यावरून निकाल लावून टाकला.

मग तासाभराने मोठा नर आला, एकटाच. अंतर ८० मीटरच्या आसपास, पोराकडे तोंड करून थोडा तिरका उभा. पोराने घाई केली नाही, थर्मलमधून (अंधारात अंगाची उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीतून) नीट बघून खांद्याच्या टोकावर धरलं आणि ट्रिगर दाबला. गोळी लागल्याचा थप्प आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. नर किंचाळला, गोल फिरला आणि झुडपात गेला. जागेवर रक्ताचे दोन-चार थेंब, पुढे काहीच नाही. डुकराच्या बाबतीत हे नेहमीचं आहे, चरबी आणि जाड कातडं भोक बुजवून टाकतं, म्हणून गोळी पलीकडून बाहेर पडायला हवी, खालच्या अंगाला मोठं भोक पडलं तरच माग लागतो.

काट्यात जखमी नराच्या मागे रात्री कोणी जात नाही. उजाडल्यावर गेलो. जिवंत होता. इतके तास. मी .३०८ ची जास्त ताकदीची रायफल घेऊन गेले होते, १६५ ग्रेन बाँडेड, दहा-पंधरा मीटरवरून संपवला. ती गोळी एका खांद्यातून शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडली, वाटेतल्या हाडासकट.

वजन ११० किलोच्या वर भरलं. मग मी रात्रीची जखम उघडली, सगळ्यांना शेजारी उभं करून. प्रौढ नराच्या खांद्यावर कातड्याखाली चिवट ढाल असते, नरानरांच्या मारामारीत सुळ्यांपासून वाचवणारी, दोन-तीन सेंटीमीटर जाड, म्हाताऱ्या नरात त्याहूनही जास्त. सुरी घासून घासून कापावी लागते. ही ढाल गोळी अडवते असं जे सांगतात ते खोटं आहे, नीट बांधणीच्या गोळीला ती काहीच करत नाही, सकाळच्या .३०८ ने ते दाखवलंच. पण ५५ ग्रेनची व्हार्मिंट गोळी त्या ढालीत आणि खालच्या स्नायूत फुटून भुगा झाली होती. जॅकेटचे चार तुकडे, शिशाची पूड, बशीएवढी उथळ जखम. बरगडीला ओरखडासुद्धा नाही. आणि भोक? जिथे धरायला शिकवलंय तिथेच. तिथून आत खोल गेली असती तर सरळ हृदयाच्या वरच्या भागात, कारण डुकराचं हृदय हरणापेक्षा पुढे आणि खाली असतं, पुढच्या पायांच्या मधोमध. पोराने ते बरोबर ओळखलं होतं.

तरी सीनियरने लिहिलं "नेम चुकला". पहिली डुकरीण त्याच गोळीने पडली ना, मग गोळीत दोष कसा, असा हिशेब. मला याचाच संताप येतो. मी एनर्जीचे आकडेही दाखवले, .२२३ ची ५५ ग्रेन नळीतून साधारण १७०० ज्यूल घेऊन निघते, .३०८ ची १५० ग्रेन ३५०० च्या पुढे. पण खरं सांगायचं तर आकड्यांनीही अर्धंच कळतं, कारण १७०० ज्यूल दोन इंचात खर्च झाले की दहा इंचांत, हे गोळीच्या बांधणीवर आहे. त्याच .२२३ मधून जॅकेट आणि शिसं एकमेकांना चिकटवलेली बाँडेड किंवा अखंड तांब्याची गोळी खूप खोल जाते, कारण ती उघडते पण तुटत नाही.

यावर दुसरा एक जण म्हणाला, मग फुल मेटल जॅकेट (शिशावर कडक धातूचं पूर्ण कवच असलेली गोळी) आणू, स्वस्त आणि आरपार. हे तर आणखी वाईट. ती बहुतेकदा उघडतच नाही, बारीक भोक पाडून निघून जाते, डुक्कर फुप्फुसात भोक घेऊन पळतं, आणि गोळी पुढे जाऊन कळपातल्या मागच्या पिल्लात. कित्येक ठिकाणी शिकारीला ती कायद्यानेच चालत नाही.

तांब्याच्या गोळ्यांसाठी मी फार दिवस भांडतेय. शिसं फुटलं की त्याचे कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेमध्ये दिसतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी बंद आहे ती उगाच नाही. पण तांब्यालाही अटी आहेत. वेग फार कमी झाला तर ती उघडत नाही, म्हणून .३०० ब्लॅकआउटसारख्या हळू काडतुसात तेवढ्या कमी वेगासाठीच बनवलेली तांब्याची गोळी लागते. आणि तेवढ्याच वजनाला ती लांब असते, तर १:१२ पिळाच्या (आतल्या खाचा बारा इंचांत एकच फेरा घेणाऱ्या) जुन्या नळीतून नीट स्थिर होईलच असं नाही. डबी बदलली की पुन्हा १०० मीटरवर झीरो करायचं, म्हणजे दुर्बिणीचा नेम गोळी पडते तिथे जुळवायचा, हेसुद्धा आमच्याकडे हात धरून करून घ्यावं लागतं.

माझ्या मनात राहिलेला प्रश्न तिरकेपणाचा आहे. नर पूर्ण आडवा उभा असता आणि गोळी ढालीच्या मागून, कोपराच्या मागच्या मऊ जागेतून गेली असती, तर कदाचित तीच व्हार्मिंट गोळी फुप्फुसापर्यंत पोचली असती आणि आज सगळे तिचं कौतुक करत असते. म्हणजे पोराने थांबायला हवं होतं का? मला नाही वाटत. खांद्याचा शॉट बरोबर गोळी असेल तर बरोबरच आहे. कुठल्या गोळीने कुठला शॉट घ्यायचा नाही हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं ही डबी देणाऱ्याची जबाबदारी होती.

पोरगा परवा येऊन विचारत होता, "ताई, माझं खरंच चुकलं का?" मी त्याला पाकीट उघडून तुकडे वजन करायला लावले. सगळे मिळून २१ ग्रेन भरले, ५५ पैकी. मग त्यानेच स्वतःच्या हाताने ते आकडे रजिस्टरमध्ये त्या शेऱ्याच्या खाली लिहिले, आणि मी सही केली. सीनियरची सही अजून व्हायचीय.