बाहेर उभं राहायचं काम

मंगळवार, रात्रपाळी

अग्निशमन दलातल्या वरिष्ठ अधिकारीपदाची पात्रता आज पुन्हा एकदा नीट वाचली. अग्निशमनातली पदवी किंवा पदविका, खालच्या पदावरचा अनुभव, खात्याची परीक्षा, उंची, छाती, नजर, वैद्यकीय दाखला. यातलं काही वगळावं असं मला वाटत नाही. ज्याला पाण्याच्या दाबाचं गणित येत नाही त्याच्या हाताखाली मी होज धरणार नाही. पण वाचता वाचता जाणवलं की यातल्या बऱ्याच अटी माणूस आगीत शिरायला लायक आहे का, एवढंच तपासतात. आणि ती खुर्ची मिळाल्यावर आगीच्या ठिकाणी मुख्य काम असतं बाहेर उभं राहण्याचं.

आमचे साहेब घटनास्थळी पोहोचले की आधी इमारतीला चक्कर मारतात. नव्या पोरांना वाटतं, हे टंगळमंगळ करतायत. ते धूर बघत असतात. रंग काय, जाड आहे की विरळ, आळसावून बाहेर पडतोय की कोंडल्यासारखा जोरात. खिडक्या किती, जिना कुठे, वीज तोडली का, पाणी कुठून घ्यायचं, आतून सुटलेले लोक काय सांगतायत. मग रेडिओवर दोन-तीन वाक्यं: काय दिसतंय, काय करणार, सूत्रं कोणाकडे. बस. हौशी माणूस इथे भाषण ठोकतो.

त्यानंतर हवेचा हिशेब. श्वासासाठी पाठीवर घ्यायचा ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की साधारण दोन हजार लिटर हवा होते. मिनिटाला चाळीस लिटर धरले तर पन्नास मिनिटं. हे कागदावर. अंगावर पूर्ण सरंजाम चढवून जिने चढणारा, घाबरलेला माणूस त्याच्या कितीतरी जास्त ओढतो, आणि परत यायची हवा त्यातूनच राखायची असते. म्हणून दारापाशी फळा लागतो: कोण आत गेला, किती वाजता, किती दाबावर. तो फळा सांभाळणं कुणालाच आवडत नाही. मलाही आवडत नसे. आता मात्र अधिकारी कसा आहे हे मी त्याच्या फळ्यावरून ओळखतो.

३ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. जवळजवळ खिडक्याच नसलेली इमारत, आत भुलभुलैया. दोन बेघर माणसं आत असावीत अशी माहिती मिळाली, म्हणून जवान शोधायला शिरले. दोघे धुरात वाट चुकले. त्यांना आणायला गेलेल्यांपैकी आणखी चौघे परतले नाहीत. बाहेर त्यांचे साथीदार आत घुसायला तयार उभे होते. तेव्हा माइक मॅकनॅमी हे अधिकारी जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि आता कुणीही वर जायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. आपलेच सहा जण आत असताना. ती बेघर माणसं तर आधीच निघून गेली होती.

या प्रसंगावर मी पूर्वी बराच वाद घातलाय. आता घालत नाही. तिथे अडवणारा नसता तर आकडा सहावर थांबला नसता, हे उघड आहे. मला छळतो तो वेगळा प्रश्न: हे करण्याची लायकी कोणत्या परीक्षेत तपासतात? धाडसाला पदक असतं. अडवणाऱ्याला बहुतेक वेळा शिव्याच मिळतात, त्याही आपल्याच माणसांच्या.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात आगीवरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. हे लोक दोन-चार पर्याय तोलून निवडत असतील, असा समज होता. निघालं भलतंच. बहुतेकांना परिस्थिती ओळखीची वाटते आणि पहिलाच सुचलेला मार्ग ते मनात चालवून बघतात. ओळखीचं काहीतरी बिनसलं की सावध होतात. हे मला शंभर टक्के पटतं. फक्त एक अडचण आहे. ही ओळख तयार होते ती आत, कातडीला झळ लागून. वरच्या पदावर गेलं की झळ लागत नाही, दुसऱ्यांचे आवाज तेवढे ऐकू येतात. म्हणून अनुभवाच्या वर्षांची अट योग्यच, पण ती वर्षं कुठे गेली हेही विचारायला हवं. टेबलावर गेली असली तरी वर्षं ती वर्षंच धरतात.

मोठ्या आगीतल्या माणसांच्या पसाऱ्याचं म्हणाल तर १९७० मध्ये कॅलिफोर्नियात वणवे पेटले. तेरा दिवसांत सोळा जीव आणि सातशे बांधकामं गेली. मदतीला आलेल्या दलांची रेडिओची वारंवारता वेगळी, शब्द वेगळे, हुकूम कोणाचा तेच ठरेना. त्यातून पुढे जी घटना-नियंत्रण पद्धत आली तिचा एक नियम मला फार आवडतो: एकाच्या हाताखाली तीन ते सात माणसं, पाच असली तर उत्तम. सगळं स्वतःच्या मुठीत ठेवणाऱ्या साहेबांना हा नियम फ्रेम करून द्यावा.

आणि जेम्स ब्रेडवुड. १८२४ मध्ये एडिनबरोच्या दलाची सूत्रं हाती आली तेव्हा वय जेमतेम चोविशीचं. त्याने माणसं घेतली ती गवंडी, सुतार, नळकाम करणारे, छप्परं शाकारणारे. कारण इमारत कशी उभी आहे हे ज्याला कळतं, त्यालाच ती कशी पडेल हे कळतं. आजच्या कुठल्याही पात्रतेपेक्षा मला ही अट जास्त शहाणपणाची वाटते. हाच ब्रेडवुड १८६१ मध्ये लंडनच्या टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत भिंत कोसळून गेला. त्या गोदामांना आग अडवायला लोखंडी दरवाजे होते. ते उघडेच राहिले होते.

इमारतींच्या आगसुरक्षेच्या तपासणीचं काम मला नेहमी शिक्षेसारखं वाटायचं. वरिष्ठाचे किती दिवस त्यातच जातात हे बघून ते पद नकोच, असंही म्हणून झालंय. पण ‘नाही’ म्हणायची सवय तिथेच लागत असणार. मालक चहा मागवतो, दोनदा साहेब म्हणतो, आणि तरीही तुम्हाला लिहावं लागतं की जिना अडवलाय, मंजुरी नाही.

उद्या दुपारी एका गोदामाची तपासणी आहे. आग अडवणारं फायर डोअर पाचर मारून उघडं ठेवतात, असं तिथल्या रखवालदाराने फोनवर सहज सांगितलं. वेळेआधी तासभर जाईन, म्हणजे पाचरी काढायला सवड मिळायची नाही.