थकलेलं बिल वेगळंच होतं

महिन्याच्या पाच तारखेला मी एजिंग रिपोर्ट काढते. कुणाकडून किती येणं आहे आणि बिलाला किती दिवस झाले, ते ०–३०, ३१–६०, ६१–९० आणि ९०च्या पुढे अशा रकान्यांत दिसतं. त्यात एक गिऱ्हाईक सहा-सात महिने ३१–६०च्या रकान्यात ठाण मांडून बसलं होतं. मुदत ३० दिवसांची, त्यामुळे फार जुनं नाही, पण कायमचं थकलेलं. ‘पार्टी चांगली आहे, जरा हात आखडून देते,’ असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी नेहमीप्रमाणे फोन लावला. पलीकडच्या मॅडम वैतागल्याच. ‘अहो, दर महिन्याला तुम्ही नवीनच बिल काढता. मागच्या वेळी १३९ म्हणालात, आता १४३ आणि १४४. सगळ्यांचे पैसे गेलेत!’

‘आमच्याकडे जमा दिसत नाहीत’ हे वाक्य माझ्या तोंडावर आलंच होतं. वसुली करणाऱ्याला ते झोपेतही म्हणता येतं. पण ‘दर महिन्याला नवीनच बिल’ हे डोक्यात अडकलं. पैसे दाबून ठेवणारा जुनं बिल दाबतो. मग १३९ मधल्या मध्ये मिटलं कसं?

‘मॅडम, तुमचा खातेउतारा पाठवता का? मी माझ्या उताऱ्याशी लावून बघते.’

दोन्ही उतारे शेजारी ठेवून पेन्सिलने टिक करत बसले. जमा झालेली प्रत्येक रक्कम जुळत होती. फरक एवढाच, की त्यांच्याकडे प्रत्येक रकमेपुढे बिल नंबर होता आणि आमच्याकडे ‘ऑन अकाउंट’. कोणत्या बिलाचे पैसे ते न सांगता जमा केले, की आमचं सॉफ्टवेअर सगळ्यात जुन्या बिलाला ते लावतं. पेमेंट ॲडव्हाइस, म्हणजे कोणत्या बिलाचे किती पैसे पाठवले ते सांगणारी चिठ्ठी, येत होती, पण आमच्या सेल्सवाल्याच्या मेलवर. त्याला वाटायचं आम्हालाही येते.

मग १४३ आणि १४४चं येणं मिळवलं. बेरीज शेवटच्या आकड्यापर्यंत बिल नंबर ११७च्या रकमेएवढी आली. आमच्या खात्यात ११७ कधीच मिटलेलं, त्यांच्याकडे सात महिने होल्डवर. ११८चे पैसे आले ते ११७ला लागले, ११९चे ११८ला, आणि तूट पुढे पुढे ढकलली जात राहिली. सात महिन्यांची थकबाकी म्हणूनच दर महिन्याला नव्यासारखी दिसत होती. आणि मी मात्र त्यांना तीन रिमाइंडर पाठवले होते, तिसऱ्यात माल रोखण्याची भाषा. नुसतं आठवलं तरी कानशिलं तापतात.

११७ होल्डवर का? मॅडम म्हणाल्या, ‘ऑर्डर ५०० नगांची, बिल ५००चं, पण स्टोअरमध्ये ४८०च उतरले. ऑर्डर, आवक आणि बिल तिन्ही जुळल्याशिवाय आमच्याकडे पेमेंट पुढे जात नाही. तुम्ही कधी विचारलंच नाहीत, आम्हाला वाटलं सोडून दिलंत.’

डिस्पॅचच्या फायलीत मालासोबत गेलेलं, पोच घेऊन परत आलेलं चलन सापडलं. पिवळी प्रत, कडेला भोक पाडताना अर्धवट फाटलेली, आणि सहीच्या वर निळ्या पेनाने लिहिलेलं: ‘२० नग कमी.’ ड्रायव्हरने चलन आणून दिलं, कुणीतरी न वाचता फाइलला लावलं, आणि ५००चं बिल आधीच निघालेलं होतं.

२० नगांची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, संध्याकाळच्या आत पाठवली, सोबत रिमाइंडरबद्दल माफीही. मॅडमनी लगेच होल्ड काढून ११७ पुढच्या पेमेंटच्या यादीत घातलं. मग मी बसून सात महिन्यांच्या जमा एंट्र्या एकेक करून बिलवार लावल्या आणि रिपोर्ट पुन्हा काढला.

३१–६०चा रकाना त्यांच्यापुढे कोरा झाला. सगळी रक्कम उडी मारून ९०च्या पुढे जाऊन बसली. तोच रिपोर्ट साहेबांकडेही जातो. दहा मिनिटांत इंटरकॉम वाजला. ‘९०च्या पुढे सकाळी काही नव्हतं, हे आता कुठून आलं?’

मी पिवळं चलन उचललं आणि केबिनकडे निघाले.