अकरा ओळींचं उर्दू

मला उर्दू येत नाही. एक कागद वाचता येतो.

झालं असं की मे महिन्यात काकांनी जुनी पेटी आवरायला काढली आन त्यात आजोबांचा एक पिवळा पडलेला कागद निघाला, निजामाच्या काळातला, सगळा हातानं लिवलेला उर्दूत. काकांचं ठाम मत की बांधाचं भांडण ह्या कागदानंच मिटणार. मी म्हणलं आणा इकडं, पंधरा दिवसात वाचून देतो. "जगात जर्मनी भारतात परभणी" ऐकत वाढलेला माणूस, बोलायला काय जातंय.

तसं माझं शिकण्याचं रेकॉर्ड काही बरं नाही. बासरी घेतलेली माळ्यावर आहे, एक्सेलचा कोर्स चाळीस टक्क्यावर अडकलाय. पण बासरी कुठपर्यंत शिकायची हे कुणी सांगितलंच नव्हतं, इथं समोर मोजून अकरा ओळी होत्या.

गल्लीतल्या टेलरचाचांना धरलं. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, गिऱ्हाईक कुठून येणार, म्हणून चाचा पण मोकळेच. म्हणले, अलिफपासून पाठांतर करू नको, आधी नुक्ते मोज. बे, पे, ते, तिघांची होडी एकच. बे ला खाली एक ठिपका, पे ला खाली तीन, ते ला वर दोन. हे जमलं आन मी हवेत.

मग "मौजा", म्हणजे गाव, आडवा आला. जमिनीचा कागद म्हणल्यावर मौजा असणारच, म्हणून मी दोन दिवस त्यात जीम, म्हणजे ज, शोधतोय, सापडतच नाही. चाचांनी शेवटी मार्किंगचा खडू घेतला आन कुणाच्या तरी पँटच्या कापडावरच लिवून दाखवलं: मीम, वाव, ज्वाद, ऐन. जीमचा पत्ताच नाही! झ च्या एका आवाजाला उर्दूत चार अक्षरं, जाल, जे, ज्वाद, जोय. तहसीलमधला स पण साधा सीन नाही, तिथं स्वाद बसलाय. लई वैताग, पण आता हे दोन शब्द झोपेत पण वाचीन.

गंमत अशी की भाषा तर घरात आधीपासूनच होती. मौजा, तहसील, वल्द, रसीद, हे आजीच्या तोंडी रोजचे शब्द, आन आमच्याकडं आजही जुनी माणसं तलाठ्याला पटवारीच म्हणतात. त्यामुळं एक अक्षर लागलं की पुढचा शब्द आपोआप तोंडात यायचा. आजोबांच्या नावापुढं "वल्द" लागला आन त्याच्या पुढं पणजोबांचं नाव, मी ते पहिल्यांदाच कुठं लिवलेलं बघत होतो. त्या दिवशी पुढं काही वाचलं नाही.

आकड्यांनी अजून एकदा फसवलं. ओळ उजवीकडून वाचायची पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून, म्हणजे मी ज्याला ३५३१ समजून बसलो होतो ते १३५३ निघालं. ते पण फसली साल, म्हणजे निजामाच्या महसुली कागदांवरचं. त्यात ५९० मिळवा, १९४३.

बाराव्या दिवशी कागद लागला. बांधाचा त्यात शब्द नाही. आजोबांनी बैलासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, उचललेली, चाळीस रुपये, हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात.

काका बराच वेळ गप. मग म्हणले, "फेडले का पण?"

ती ओळ नेमकी शिक्क्याखाली गेलीय.