लडाखमधली झोप: टेंट की कॅम्पर व्हॅन?

लडाखला कॅम्पर व्हॅनने जावं की सॅक पाठीवर टाकून मारखा व्हॅलीत चालावं, हे ठरवताना बहुतेक जण गादी, टॉयलेट आणि किचन मोजतात. त्या उंचीवर आराम म्हणजे आधी झोप, आणि ती उंची, थंडी आणि हवेवर ठरते.

व्हॅनचा वेग इथे अंगाशी येतो. मनालीहून लेहला जायचं तर मनाली साधारण 2,000 मीटरवर. अटल बोगद्यामुळे रोहतांगचा चढ टळतो आणि संध्याकाळी गाडी याच रस्त्यावरच्या सरचूला लागू शकते: 4,200 मीटरच्या वर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी. मग सहा इंची गादीवरही डोकं ठणकतं, मळमळतं, दम लागून सारखी जाग येते. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये, हा नियम. वाटेतल्या जिस्पाला दोन रात्री काढल्या तरी सरचू तिथून हजार मीटर वर. म्हणून व्हॅन श्रीनगर-कारगिलमार्गे न्यावी. झोजी ला आणि फोटू ला या खिंडी दिवसा ओलांडायच्या, मुक्काम सोनमर्ग, कारगिल, लामायुरू असा खालीच. चालणाऱ्याने विमानाने उतरल्यावर लेहमध्ये निदान दोन-तीन दिवस काढावेत. पुढे मारखा व्हॅलीतल्या स्किऊ, मारखा, हांकर या गावांतून जाताना उंची पायांच्या वेगानेच वाढते.

थंडीचं गणित मात्र टेंटमध्ये सोपं आहे. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट (इथवर आरामात झोप लागते) आणि लिमिट (इथवर कशीबशी निभावते). खरेदी कम्फर्टवर करा. याच ट्रेकवरच्या निमालिंगला ऑगस्टमध्येही पारा शून्याखाली जाऊ शकतो, म्हणून कम्फर्ट उणे 5 तरी हवा. त्याहून महत्त्वाची मॅट. बॅगेतला पिसांचा थर अंगाखाली दबून निकामी होतो आणि जमीन ऊब ओढून घेते. फोमची कॅरीमॅट खाली आणि हवेची मॅट वर घातली की दोन्हींची आर-व्हॅल्यू, म्हणजे ऊब अडवायची ताकद, बेरजेने वाढते. पाण्याचा फिल्टर पोकळ तंतूंचा असेल तर रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या. एकदा गोठला की तंतू फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

व्हॅनचा पत्रा रात्री झपाट्याने गार पडतो. डिझेल हीटर त्यावर उत्तम उपाय, पण साधा हीटर विरळ हवेत डिझेल जास्त आणि ऑक्सिजन कमी अशा अवस्थेत जळतो. काजळी साठते, धूर येतो, शेवटी पेटतच नाही. हाय-अल्टिट्यूड सेटिंग असलेलाच घ्यावा आणि उंचीवर तो अगदी मंद आचेवर तासन्‌तास चालवू नये. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, म्हणून ती आत, उबेत बसवावी.

खिडक्या गच्च बंद करून झोपायचा मोह टाळा. श्वासातली वाफ पत्र्यावर जमून गादीच्या खालच्या बाजूला ओल धरते. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. समोरासमोरच्या दोन फटी दोन-दोन बोटं उघड्या ठेवा, उशाशी कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा आणि ऊब यावी म्हणून शेगडी कधीही पेटती ठेवू नका. टेंटमध्ये तर नाहीच नाही.

व्हॅनमधल्या पोर्टा-पॉटीची, म्हणजे सुट्या टॉयलेटची, 20 लिटरची टाकी दोघांना तीन-चार दिवस पुरते. त्यातलं केमिकल मिसळलेलं पाणी गावातल्या सुक्या संडासात ओतू नका, तिथल्या मैल्याचं शेतासाठी खत होतं.